पडद्यावर न दिसलेली धूळ

मी सातवी-आठवीत असेन. करमाळ्यात श्री कमलाभवानीच्या यात्रेत तंबूची टॉकीज आली होती. जमिनीवर पोते अंथरून आम्ही 'काला पत्थर' पाहिला. खाणीत पाण्याचा लोंढा घुसतो, दिवे विझतात, माणसे अंधारात एकमेकांना हाका मारतात, तेव्हा तंबूत कोणी शेंगा फोडत नव्हते की बोलत नव्हते. घरी परतताना मी वडिलांना विचारले, "अण्णा, आपल्याकडं आहे का हो अशी खाण?" ते म्हणाले, "आपल्याकडं काळा दगड लई आहे, पण तो जळत नाही."

अण्णांचे उत्तर भूगोलाच्या दृष्टीने अचूक होते. आपला तालुका ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. कोळसा सापडतो तो त्याहून फार जुन्या, गोंडवाना काळातल्या थरांत. आपल्या राज्यात हे थर नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. त्यामुळे कोळसा खाण हा विषय आपला नाही, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. एका रुग्णाने माझा तो समज खोडून काढला.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात होतो. पन्नाशीच्या आतला एक माणूस खोकला आणि दम लागतो म्हणून आला. वजन उतरलेले, एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात डाग. थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, पण एक्स-रे पाहून मी क्षयाचे उपचार सुरू केले. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला, दम वाढलेला होता. त्याच्याजवळच्या जुन्या कागदांवरून कळले की माझ्याआधी आणखी एका ठिकाणी त्याचा क्षयाचा पूर्ण कोर्स झाला होता. तिसऱ्या भेटीत मी त्याला तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

"मामा, गावी यायच्या आधी काम काय करत होता?"

"वणीकडं व्हतो साहेब, कोळशाच्या खाणीत. ठेकेदाराकडं. ड्रिल मशीनवर चौदा वर्सं."

त्याचे काम कोळसा काढण्याचे नव्हते. कोळशाच्या वरचा दगड फोडण्यासाठी सुरुंगाची भोके पाडण्याचे होते. हा वरचा दगड बहुतांशी वालुकाश्म असतो, म्हणजे वाळूचाच घट्ट झालेला थर. त्यात सिलिका भरपूर असते. मामांना झालेला आजार क्षय नव्हता, सिलिकोसिस होता. मी निदान बदलले, पण त्याला बरे करणारे औषध तेव्हाही माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही.

चित्रपटाने काय दाखवले

'काला पत्थर' १९७९ साली आला. दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. त्याला पार्श्वभूमी होती चार वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या दुर्घटनेची. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत, वरच्या बाजूच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत साठलेले पाणी मधली भिंत फोडून खाली आले. त्यात सुमारे ३७५ कामगार गेले. पाणी उपसण्यासाठी परदेशातून पंप आणावे लागले आणि मृतदेह हाती लागायला कित्येक आठवडे गेले.

आपल्याकडे चासनाला सर्वांना माहीत झाले. पण त्याच्या जेमतेम सव्वा महिना आधी, १८ नोव्हेंबर १९७५ रोजी, आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लेवाडा खाणीत असेच पाणी शिरून १० कामगार मृत्युमुखी पडले होते, हे फार थोड्यांना आठवते. त्याही आधी, १० डिसेंबर १९५४ रोजी, छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाण्याने ६३ जणांचा बळी घेतला होता. छिंदवाडा तेव्हा ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. तिन्ही ठिकाणी मारेकरी एकच, खाणीत अचानक घुसलेले पाणी.

चित्रपटातला इंजिनियर, म्हणजे शशी कपूर, पाण्याचा धोका आधीच सांगतो. लोभी मालक, म्हणजे प्रेम चोप्रा, ऐकत नाही. कथेसाठी हे सोयीचे आहे, कारण प्रेक्षकाला राग काढायला एक चेहरा मिळतो. वास्तव तितके सरळ नव्हते. चासनाला खाण ज्या पोलाद कंपनीची होती, तिचे व्यवस्थापन १९७२ पासून सरकारच्या हाती होते. तिथे कोणी मिशीला पीळ देणारा खलनायक नव्हता. होते ते नकाशे, परवानग्या, उत्पादनाची उद्दिष्टे आणि 'आजवर काही झाले नाही, आजही होणार नाही' ही सवय. या प्रकरणात धनबादच्या न्यायालयाने दोन निवृत्त अधिकाऱ्यांना एक वर्षाची शिक्षा सुनावली, ती २०१२ साली. दुर्घटनेनंतर छत्तीस वर्षांनी.

अलीकडचा चित्रपट 'मिशन रानीगंज', २०२३ चा. त्याचा आधार सुटकेचा आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या महावीर खाणीत पाणी शिरले आणि ७१ कामगार आत अडकले. सहा जण दगावले. जसवंतसिंग गिल या खाण अभियंत्याने वरून भोक पाडून, त्यातून माणूस मावेल अशी पोलादी कुपी खाली सोडायची कल्पना लढवली. ते स्वतः त्या कुपीतून खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवले. हा प्रसंग पडद्यावर येणे योग्यच झाले.

हे चित्रपट मी डॉक्टर झाल्यावर पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट लक्षात आली. पडद्यावर खाणकामगार मरतो तो पाण्याने, स्फोटाने किंवा छत कोसळून. म्हणजे काही मिनिटांत. मामांसारखा वीस वर्षांत मरणारा माणूस त्यात बसत नाही. 'काला पत्थर'मध्ये राखीने खाणीवरच्या डॉक्टरची भूमिका केली आहे. ती जखमा बांधते, औषधांसाठी झगडते. पण मला जे निदान चुकले, ते करण्याची वेळ कथेने तिच्यावर आणली नाही. यात लेखकांचा दोष नाही. फुफ्फुसावर चढत जाणारा डाग कॅमेऱ्यात पकडणार कसा? त्याला ना आवाज, ना लोंढा.

धूळ नेमके काय करते

आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाकात, घशात अडकते आणि शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचते ती पाच मायक्रॉनहून बारीक धूळ, जी उन्हाच्या तिरिपेशिवाय दिसतही नाही. म्हणून 'धूळ दिसत नाही, म्हणजे हवा स्वच्छ आहे' हा समज घातक ठरतो.

वायुकोशांत आपल्या शरीराचे झाडूवाले असतात. या पेशी धूळ गिळून बाहेर नेतात. कोळशाची धूळ कमी असेल तर त्या ती हाताळतात. वर्षानुवर्षे भरमसाट आली तर काम आवरत नाही, धूळ जागच्या जागी साठते आणि तिच्याभोवती व्रण तयार होतो. कोळशाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला न्यूमोकोनिओसिस म्हणतात, बोलीत 'काळे फुफ्फुस'. सिलिकाचा प्रकार आणखी वाईट. तिचे कण गिळणाऱ्या पेशीलाच मारतात, पेशी फुटते, कण पुन्हा मोकळे होतात, दुसरी पेशी त्यांना गिळते आणि तीही मरते. हे चक्र माणसाने खाण सोडली तरी थांबत नाही. काम सोडून गावी आलेल्या माणसाचा दम दहा वर्षांनी वाढतो तो यामुळे. तोपर्यंत तो खाणकामगार राहिलेला नसतो, शेतकरी झालेला असतो, आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला खाण आठवत नाही.

पुढच्या टप्प्यात लहान गाठी एकत्र येऊन मोठे घट्ट गोळे होतात. फुफ्फुस ताणले जात नाही, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. अशा माणसाला आपण दम्याचा पंप देतो, ऑक्सिजन देतो, जंतुसंसर्ग झाला तर त्यावर उपचार करतो. व्रण मात्र पुसता येत नाही.

क्षयाचा गोंधळ का होतो? कारण दोन्ही आजारांत खोकला, दम, वजन घटणे असते आणि दोन्ही फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग पाडतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला खरोखरचा क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पट जास्त असते. म्हणून 'हा क्षय की सिलिकोसिस' असा प्रश्न विचारून भागत नाही. 'दोन्ही आहेत का' हेही पाहावे लागते. थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत होते. ती जरूर करावी. आणि हा लेख वाचून कोणीही क्षयाची चालू औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नयेत, ही विनंती.

हा धोका इतिहासजमा झाला आहे का?

अनेकांना वाटते की भुयारी खाणी कमी झाल्या, म्हणजे प्रश्न मिटला. आज देशातला बहुतांश कोळसा उघड्या खाणींतून निघतो हे खरे आहे. पण त्यामुळे धोक्याचे ठिकाण फक्त बदलले. उघड्या खाणीत दगडाचे ढिगारे सरकतात. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडमधल्या राजमहल खाणीत असाच ढिगारा कोसळून २३ कामगार गाडले गेले. डंपर, सुरुंग आणि दिवसरात्र उडणारी धूळ आहेच. आणि ज्या कामात धूळ सर्वांत जास्त, ती कामे बहुधा ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. त्यांची ठरावीक वर्षांनी एक्स-रे तपासणी व्हावी असा नियम आहे, पण माणूस ठेकेदार बदलतो, जिल्हा बदलतो आणि त्याचे कागद मागे राहतात. मामांकडे चौदा वर्षांच्या कामाचा एकही कागद नव्हता.

जुन्या खाणीतल्या पाण्याचा धोकाही संपलेला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयात एका बेकायदा, उंदराच्या बिळासारख्या खाणीत पाणी शिरून १५ जण अडकले. चासनालानंतर चार दशके उलटली होती.

अमेरिकेचे उदाहरण मोठे बोलके आहे. १९६८ मध्ये फार्मिंग्टन खाणीच्या स्फोटात ७८ जण गेले, दूरचित्रवाणीवरून ते घरोघरी दिसले आणि १९६९ मध्ये कडक कायदा झाला. त्यात धुळीची मर्यादाही आली. काळे फुफ्फुस कमी होत गेले. मग २००० नंतर ते पुन्हा वाढू लागले, तेही तरुण कामगारांत. कारण जाड थर संपत आले होते आणि पातळ थरांतून कोळसा काढताना यंत्रे आजूबाजूचा दगडही कापत होती. म्हणजे पुन्हा सिलिका. कायदा कोळशाच्या धुळीसाठी होता, मारणारी धूळ दगडाची होती.

करमाळ्याने यातून काय घ्यायचे?

सोलापूरजवळ एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे केंद्र कोळशावर चालते. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. आपल्या शेतातली मोटर रात्री चालते, तेव्हा कुठल्या तरी खाणीतला माणूस त्यामागे उभा असतो. एवढे भान ठेवणे हे झालेच. पण खाणीचे दोन धडे थेट आपल्या दारातले आहेत.

पहिला धडा धुळीचा. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका वालुकाश्माच्या किंवा ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते, म्हणून इथल्या खडी क्रशरची धूळ त्या दोन दगडांइतकी जहाल नाही. पण निरुपद्रवीही नाही. आणि फरशी, ग्रॅनाइटचे ओटे कोरडे कापणारे, पॉलिश करणारे, काँक्रीट फोडणारे कारागीर आज प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या धुळीत सिलिका भरपूर असते. तोंडाला बांधलेला गमछा किंवा रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. उपाय साधा आहे: कापताना, भोक पाडताना पाण्याची धार चालू ठेवा, म्हणजे धूळ उडण्याआधीच बसते. त्यावर एन-९५ मास्क घट्ट बसवा. वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका. दमट फडक्याने पुसा, झाडू मारू नका. आणि विडी-सिगारेट सोडा, कारण तिने धुळीने बिघडलेले फुफ्फुस अधिक लवकर निकामी होते.

दुसरा धडा वायूचा. खाणीत स्फोट झाला की माणसे भाजून मरतात असे वाटायचे. १८९६ मध्ये वेल्समधल्या एका खाणीतले मृतदेह तपासून हाल्डेन या शास्त्रज्ञाने दाखवले की बहुतेक जण कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला ना वास, ना रंग. म्हणून खाणीत कॅनरी पक्षी न्यायची पद्धत आली. छोटा पक्षी माणसाआधी कोसळायचा आणि माणसाला बाहेर पळायला वेळ मिळायचा.

हाच वायू विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवले की तयार होतो. बरेच दिवस न उपसलेल्या विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो आणि प्राणवायूची जागा घेतो. शौचालयाच्या टाकीत तर मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइडही असतात. दरवर्षी उन्हाळ्यात विहीर खोल करताना किंवा टाकी साफ करताना माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यात एक गोष्ट हमखास असते. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला चुलता. तिघेही जातात.

म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उतरू नका, तो सख्खा मुलगा असला तरी. इंजिन बंद करा. ११२ आणि १०८ ला फोन करा. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरने वरून ताजी हवा आत सोडा. आत उतरायचे ते श्वसनसंच घातलेल्या आणि कमरेला दोर बांधलेल्या प्रशिक्षित माणसानेच. वर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत आडवे करा, श्वास नसेल तर छाती दाबून पुनरुज्जीवन सुरू करा. आपल्याकडे विहिरीत कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये हे बरोबर, पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर निर्धोक आहे असे नाही. कार्बन मोनॉक्साइडचा पत्ता कंदिलाला लागत नाही. आणि शौचालयाच्या टाकीवर कंदील किंवा काडी नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

राहिला आमचा, डॉक्टरांचा धडा. खाणीत काम केलेल्या रुग्णात सिलिकोसिस किंवा न्यूमोकोनिओसिस आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने खाण सुरक्षा खात्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. या खात्याचे मुख्यालय धनबादला आहे. कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्यात हे आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले आहेत. पण 'क्षयरोग' असे लिहिलेल्या कागदावर भरपाई मिळत नाही. निदानाचा एक शब्द चुकला, तर माणसाचे औषध चुकते आणि हक्कही जातो.

वाचकांनाही एक सांगणे आहे. खोकला, दम घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण आयुष्यात कुठकुठली कामे केली, किती वर्षे केली, ते आपणहून सांगा. ओळखपत्र, हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, जुने एक्स-रे, जे असेल ते जपून ठेवा.

मामा त्यानंतर चार वर्षे जगले. शेवटच्या हिवाळ्यात ते उताणे झोपू शकत नसत, बाजेवर उशा रचून बसूनच रात्र काढत. एकदा त्यांना मी 'काला पत्थर' पाहिला का, असे विचारले. "पाह्यला की साहेब, खाणीवरच पाह्यला, पडदा लावून," ते म्हणाले. "पाणी आलं तवा सगळी पोरं गप झाली. आमच्या खाणीत पाणी कधी आलं न्हाई. आमाला वाटलं, आपण वाचलो."

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर नाव आणि वयानंतर तिसरी ओळ असते: काम काय?